चौथ्या तासाचा वास

गणिताचे सर स्टाफरूममध्ये शिरले ते रुमाल नाकाशी धरूनच. "मॅडम, नववी 'ब' तुमचीच ना? चौथ्या तासाला तिथे उभं राहवत नाही. त्या जर्किनवाल्याला काहीतरी सांगा बुवा."

दिवाळीची सुट्टी संपून दुसरं सत्र नुकतंच सुरू झालं होतं. गाव बीड जिल्ह्यातलं, बालाघाटाच्या डोंगरातलं, शाळा अनुदानित हायस्कूल. शाळेचं आणि मुलांचं नाव मुद्दामच लिहीत नाही. मी त्या वर्गाची वर्गशिक्षिका, विषय विज्ञान. पटावर ४६ मुलं, २७ मुलगे आणि १९ मुली. दिवाळीनंतर निम्म्या घरांत आईबाप नसतात, कारण ते कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेलेले असतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांकडे, कुणी कर्नाटकात. मुलं आजी-आजोबांकडे, चुलत्याकडे राहतात. काहींच्या घरी थोरली बहीणच घर चालवते.

जर्किनवाला कोण हे मला विचारावं लागलं नाही. शेवटून दुसऱ्या बाकावरचा मुलगा. बाक तिघांचा, पण तो एकटाच बसायचा. काळं, चकचकीत कापडाचं, बापाच्या मापाचं जर्किन. दुपारच्या उन्हातही अंगात असायचं, चेन गळ्यापर्यंत ओढलेली आणि दोन्ही हात खिशात. मी दोन-तीनदा "हात बाहेर काढून उभं राहा" म्हणून दरडावलं होतं, कारण मला तो माज वाटला होता. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढच्या सगळ्या चुकांचं मूळ तिथे आहे. दिसलेल्या गोष्टीचा अर्थ मी न विचारताच लावला होता.

पहिला उपाय मी तोच केला जो माझ्या शाळेत माझ्यावर झाला होता. सोमवारी परिपाठानंतर नखं तपासली. रांगेतून फिरत सगळ्यांना हात पुढे करायला लावले. त्याची पाळी आली तेव्हा त्याने हात काढले नाहीत. मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा आवाज चढवला तेव्हा तो सरळ रांगेतून निघून वर्गात जाऊन बसला. मग मी उरलेल्या वर्गासमोर स्वच्छतेवर दहा मिनिटं बोलले. कुणाचं नाव घेतलं नाही. पण रोज आंघोळ, घामाचा वास, शेजारच्याला होणारा त्रास हे सगळं बोलताना ४५ डोळ्यांच्या जोड्या कुठे वळत होत्या ते मला दिसत होतं. नाव न घेता बोलणं म्हणजे जपून बोलणं, असा माझा समज होता. तसं काही नसतं. उलट वर्गाला खूण मिळाली की आता मॅडमचीही परवानगी आहे.

बुधवारी मधल्या सुट्टीनंतर मी वर्गात गेले तर त्याच्या बाकाच्या फटीत पेटलेली उदबत्ती खोचलेली. वर्ग खाली मान घालून हसत होता. तो उभा होता, हात खिशातच. मी उदबत्ती विझवली, कुणी लावली ते विचारलं, अर्थातच कुणी बोललं नाही. गुरुवारी तो आला नाही. शुक्रवारीही नाही.

स्टाफरूममध्ये यावर जे बोलणं झालं तेही नोंदवायला हवं. एक शिक्षक म्हणाले, "त्या वस्तीवरची पोरं आहेत मॅडम, त्यांच्यात तसंच असतं." कोणती वस्ती आणि 'त्यांच्यात' म्हणजे कुणात, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळलं. मलाही कळलं आणि मी गप्प बसले. आपल्याकडे अंगाच्या वासाबद्दलचं बोलणं चटकन जातीच्या बोलण्यावर उतरतं आणि उतरलेलं कुणाच्या लक्षातही येत नाही. वर्गातही तेच झालं होतं. बाक आधीच वेगळा पडला होता, वासाचं कारण नंतर मिळालं. हे मला जागा-वाटपाचा कागद पुन्हा काढून पाहिल्यावर दिसलं. जूनमध्येसुद्धा, म्हणजे जर्किन यायच्या आधीही, त्या बाकावर दोघंच होते.

मग एक गोष्ट घडली जिने मला जागं केलं. शुक्रवारी गणिताचे सर पुन्हा रुमाल धरून आले. मी म्हटलं, "सर, तो मुलगा कालपासून गैरहजर आहे." सर थबकले. "मग वास कुणाचा?"

विज्ञान शिकवणाऱ्या बाईला हा प्रश्न आधी पडायला हवा होता. मी सरांना विचारलं, त्रास रोज होतो का? त्यांनी आठवून सांगितलं, मंगळवारी आणि शुक्रवारी जास्त. वेळापत्रक पाहिलं. मंगळवारी आणि शुक्रवारी नववी 'ब'चा तिसरा तास पी.टी.चा. मैदानावर पस्तीस मिनिटं पळून मुलं थेट वर्गात यायची. समोर रस्ता रुंदीकरणाचं काम, धूळ नको म्हणून रस्त्याकडच्या खिडक्या दिवाळीपासून बंद. अंगात टेरिकॉटचे शर्ट, पायात बंद बूट, वर पत्रे. मला वास का येत नव्हता? माझा तास पहिला असायचा. आणि मुलांना का येत नव्हता? ती आतच बसलेली होती, आणि नाकाला कुठल्याही वासाची काही मिनिटांत सवय होते. बाहेरून ताजा आत शिरायचा तो एकटा गणिताचा मास्तर.

म्हणजे प्रकरणं दोन होती आणि आम्ही त्यांची एकच मोळी बांधून एका पोराच्या डोक्यावर दिली होती.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी त्याच्या घरी गेले. गावापासून दीड-दोन किलोमीटर, पायवाटेने. घरात आजी, तो, आणि दोन धाकटी भावंडं, एक पाचवीत, एक दुसरीत. धाकट्यांची नावं गावच्या शाळेतल्या हंगामी वसतिगृहाच्या यादीत होती, त्यामुळे त्यांचं जेवण तिकडे व्हायचं. हा नववीत गेला आणि बरंच काही एकदम बंद झालं. मोफत गणवेश आठवीपर्यंत, शालेय पोषण आहार आठवीपर्यंत. नववीचा गणवेश विकत घ्यायचा होता आणि बापाने उचलीतून, म्हणजे ऊसतोडीच्या आगाऊ पैशातून, एकच जोड घेतला होता. उरलेल्या पैशात ते जर्किन. मोठं घेतलं, कारण दोन वर्षं पुरायला हवं.

आजीने चहा टाकला. मी इकडचं तिकडचं बोलत घर पाहत होते. न्हाणी म्हणजे घराच्या कोपऱ्याला चार दगड आणि जुन्या लुगड्याचा आडोसा, तोही कंबरेएवढा, आणि पलीकडे पाणंद. सात-आठ वर्षांच्या पोराला ते चालतं. पंधराव्या वर्षी, मिसरूड फुटलेल्या मुलाला तिथे उघडं बसवत नाही. मागच्या वर्षीपर्यंत तो शेजारच्या मळ्यात मोटार चालू असली की पाइपाखाली आंघोळ करायचा. या दिवसांत शेतीची वीज रात्रीची पाळी असली की मोटार रात्री चालते. थंडीत रात्री बारा वाजता कोण जाणार? नळाला पाणी चौथ्या दिवशी. मधल्या दिवशी हापशावरून सायकलला दोन कॅन अडकवून तोच पाणी आणायचा, ते पिण्याला आणि भांड्यांना.

एवढ्यावरच मी खूश होऊन परत आले असते. पाणी नाही, आडोसा नाही, कपडा नाही, झालं निदान. पण आजी सहज म्हणाली, "त्याच्या अंगाची रातभर आग हुती बाई. पानी लागलं की लईच. म्या मनले नगं करू आंगुळ, आधी बरं हुदे." आणि फडताळातून एक चेपलेली ट्यूब काढून दाखवली. मेडिकलवाल्याला सांगून आणलेली, कसलीशी तीन औषधं एकात असलेली मलमाची ट्यूब, त्यातलं एक स्टेरॉइड.

मी त्याला म्हटलं, "हात बघू रे." या वेळी रांग नव्हती, वर्ग नव्हता. त्याने हात काढले. बोटांच्या बेचक्यांत पुरळ, मनगटावर खाजवून पडलेले खवले, दोन ठिकाणी पू धरलेला. धाकटीने न सांगता आपलाही हात पुढे केला, तिच्याही बोटांत तेच. खरूज. नखं तपासताना हात का निघाले नाहीत, भर दुपारी जर्किन का अंगात, हे सगळं तिथे त्या ओट्यावर उलगडलं. वासाचा बराचसा भाग त्या पू धरलेल्या जागांचा आणि मलम मुरून मुरून आंबलेल्या अस्तराचा होता.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत ऑगस्टमध्ये येऊन गेलं होतं. तेव्हा याला काही नव्हतं. पथक वर्षातून एकदा येतं आणि खरूज त्यांची तारीख पाहून येत नाही.

सोमवारी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टरांनी नुसतं पाहून सांगितलं. त्वचेत शिरून राहणारा किडा, डोळ्यांना दिसत नाही. मेडिकलवरची ट्यूब आधी बंद, कारण स्टेरॉइडने खाज थोडी दबते, किडा मरत नाही, तो निवांत वाढतो. पू धरलेल्या जागांसाठी वेगळं औषध. खरजेसाठी ५ टक्के परमेथ्रिनचं मलम मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, एक जागा न सोडता, रात्री लावायचं, आठ ते बारा तासांनी आंघोळ. आठवड्याने पुन्हा एकदा. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, खाज असो नसो.

कागदावर हे सोपं होतं. घरात त्याचा अर्थ असा होता की एकाच सकाळी चौघांच्या आंघोळी आणि सगळे कपडे-अंथरूण धुणं, तेही चार दिवसांनी नळ येणाऱ्या घरात. त्यामुळे औषध लावायची रात्र डॉक्टरांनी नाही, नळाने ठरवली. बुधवारी पाळी होती, म्हणून मंगळवारी रात्री मलम. मोठ्या माणसाला ३० ग्रॅमची एक ट्यूब लागते. केंद्रात मिळाल्या त्या पुरल्या नाहीत, उरलेल्या मी आणि पी.टी.च्या सरांनी घेतल्या. गोधड्या धुऊन वाळायला थंडीत दोन दिवस लागतात आणि आजीच्या अंगात ते बळ नव्हतं. तो किडा माणसाच्या अंगावाचून दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही, म्हणून कापड दुकानातून मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्या मागून आणल्या, गोधड्या त्यांत कोंबून तोंडं आवळून पाच दिवस माळ्यावर टाकल्या. तेवढ्या रात्रींसाठी माझ्या घरच्या दोन सोलापुरी चादरी गेल्या. जर्किनही पिशवीत गेलं. ते काढून देताना तो जेवढा घुटमळला तेवढा हात दाखवतानाही घुटमळला नव्हता.

मलम लावून आठ दिवस झाले तरी खाज होतीच, आणि आजी म्हणाली, "कशाचं औषीद, काय फरक न्हाई." हा टप्पा कुणी आधी सांगत नाही. किडे मेले तरी त्वचेतली खाज दोन ते चार आठवडे राहू शकते. मी परत जाऊन आजीला ते समजावलं तेव्हा कुठे दुसरी फेरी झाली. त्या एका फेरीसाठी मला तीन चकरा पडल्या.

आता मुलाशी झालेलं बोलणं. गृहभेटीनंतर मी त्याला प्रयोगशाळेत एकट्याला बोलावलं, दार उघडं ठेवून. काय बोलायचं ते आदल्या रात्री चार वेळा मनात घोळवलं होतं. म्हटलं, "तुझ्या अंगाला वास येत होता. वर्गात सगळ्यांना माहीत होतं आणि तुला कुणी सरळ सांगितलं नाही. मी पण नाही. ते मी आधीच सांगायला हवं होतं, परिपाठाला नाही, असं एकट्याला. तुझी चूक नव्हती, तुला आजार होता. आता तो जाईल." तो बराच वेळ टेबलावरच्या स्पिरिटच्या दिव्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मॅडम, मला माहीत होतं." आडून सुचवून, साबणाच्या गोष्टी सांगून, मुलाला 'कळेल' अशी वाट पाहणं, हे बहुतेक वेळा मोठ्यांच्या सोयीचं असतं. मुलाला आधीच कळलेलं असतं. त्याच्याकडे नसतो तो मार्ग.

वर्गात त्याची परत बसण्याची व्यवस्था नाजूक होती. खरूज बाकाला हात लागून लागत नाही, बराच वेळ अंगाला अंग लागलं तर लागते. पण हे मी वर्गात सांगायचं म्हणजे त्याचा आजार जाहीर करायचा. म्हणून सांगितलं नाही. सगळ्या वर्गाची बसण्याची जागा दर सोमवारी एक बाक पुढे सरकेल असा नियम केला, सगळ्यांसाठी. दोन पालक भांडायला आले. एकाला मी चहा पाजून परत पाठवलं. दुसऱ्याने मुख्याध्यापकांकडे तक्रार केली, आणि मुख्याध्यापकांनी, त्यांना मानायला हवं, नियम बदलला नाही.

राहिला चौथ्या तासाचा वास, सगळ्यांचा मिळून. तो निस्तरायला सोपा निघाला आणि मला स्वतःलाच मजा आली.

२० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी. दरवर्षी त्या दिवशी परिपाठाला भाषण आणि मग मैदानाची झाडलोट. भाषणाची पाळी माझ्यावर आली. मी पी.टी.च्या सरांकडे त्यांचे मोजे मागितले. सर मोठ्या मनाचे. आदल्या दिवशी एकाच दिवसाचे घातलेले दोन्ही मोजे एकाच साबणाने धुतले. एक उन्हात वाळवला, दुसरा ओलाच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला. भाषणाऐवजी दोन्ही मोजे नववी 'ब'मध्ये फिरवले, हुंगून सांगा कोणता धुतलेला. वर्ग अक्षरशः लोळला. पिशवीतला मोजा हातात घेणारा प्रत्येक जण "हा धुतलेलाच नाही" म्हणाला. दोन्ही धुतलेले आहेत हे कळल्यावर एक मुलगी म्हणाली, "मग आमचे शर्ट पण असेच असतात मॅडम, रात्री धुऊन सकाळी ओलेच घालतो." एकच जोड असलेल्या घरांत दुसरं होणार तरी काय!

मग घर्मग्रंथींचा पाठ घेतला. अंगभर असतात त्या एक आणि काखेत, जांघेत असतात त्या दुसऱ्या. दुसऱ्या वयात येताना जाग्या होतात. त्यांच्या घामाला मुळात वास जवळजवळ नसतो, त्वचेवरचे जिवाणू तो घाम खातात तेव्हा वास सुटतो. म्हणून सहावीच्या वर्गात असा वास नसतो आणि नववीच्या वर्गात असतो. यात घाण कुणी नाही, वय सगळ्यांचंच आहे. हे ऐकून मागच्या बाकावरच्या पोरांचे खांदे जरा खाली आलेले मला दिसले. टेरिकॉट वास धरून ठेवतं, सुती कापड तेवढं धरत नाही, हेही सांगितलं. पाणी कमी असेल तर काय करायचं, ते फळ्यावर लिहिलं: काखा, जांघा, पाय, मान आणि कानांमागे. एवढ्या जागा साबण लावून धुवायला अर्धी बादली पुरते. रोज डोक्यावरून पाणी घेता येत नाही म्हणून आंघोळच नको, असं नाही.

एका मुलाने लगेच फवारा मारायची बाटली आणली. पुढचे चार दिवस वर्गात घाम आणि अत्तर यांचं असं काही मिश्रण झालं की गणिताचे सर दाराशीच थांबले. बाटली मी जप्त केली, आणि न्हाव्याकडची तुरटी काखेत फिरवायला सांगितलं. काही रुपयांची वडी महिनोन्महिने जाते.

मुख्याध्यापकांनी पी.टी.चा तास शेवटी टाकला. त्या बदलाला पाच मिनिटं लागली आणि निम्मं काम त्यानेच झालं. मागच्या बाजूच्या खिडक्या उघडल्या. क्रीडा साहित्याच्या खोलीमागे नळ होता, तिथे पत्र्याचा आडोसा झाला, कबड्डीच्या सकाळच्या सरावानंतर अंग धुवायला. आमचा जर्किनवाला, औषधाची दुसरी फेरी होऊन डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, जानेवारीत कबड्डीत गेला. खेळात फार नव्हता. आंघोळ मात्र रोज होऊ लागली, आणि 'सरावाला जातो' म्हणून होऊ लागली, हे महत्त्वाचं. दहावीच्या निरोप समारंभात मुलांकडून चांगले शर्ट मागून घेतले. ते प्रयोगशाळेच्या कपाटात आहेत. शाई सांडली, शर्ट फाटला, भिजला, कुणीही न्यावा, वहीत नाव लिहायचं नाही.

मुलींचं मला उशिरा कळलं. छतावरची टाकी गळायची, दुपारी एकनंतर मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नसायचं, आणि पाळीच्या दिवसांत साडेदहा ते पाच पॅड बदलायची सोय नव्हती. काही मुली त्या दिवसांत पाणीच पीत नसत. टाकीची दुरुस्ती, आतून कडी, झाकणाची बादली, एवढ्याला फेब्रुवारी उजाडला. वर्गात मुलगे आणि मुली दोघांना मिळून मी डिसेंबरभर काखेचा घाम शिकवत होते आणि हे माझ्या डोळ्यांसमोर होतं.

एक जागा पूर्ण बिघडली. एका मुलीच्या डोक्यात उवा होत्या. मी समजुतीची म्हणून तिच्या आईला चिठ्ठी पाठवली. आई दुसऱ्या दिवशी दारात. "आमचं घर घाण आहे असं लिहून द्यायचंय का तुम्हाला?" चिठ्ठी चौघांच्या हातातून गेली होती. मुलीचे केस कापले गेले आणि ती माझ्याशी वर्ष संपेपर्यंत बोलली नाही. त्यानंतर मी अशा गोष्टी कागदावर लिहून पाठवत नाही.

एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपला, लोक परतले. त्याचा बाप शाळेत आला, मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला मिळेल का विचारायला, पुढच्या हंगामात त्याला बरोबर न्यायचा विचार होता. बराच वेळ बोललो. मुलगा दहावीला शाळेत आहे.

या नोव्हेंबरात दुसरं सत्र सुरू झालं तेव्हा नव्या नववी 'ब'मध्ये दोन जर्किनं दिसली. एकाने हजेरी देताना हात वर केला. दुसऱ्याने "हजर" म्हटलं, हात खिशातून काढले नाहीत. मी पुढचं नाव वाचलं, आणि हजेरीपटाच्या कडेला पेन्सिलीने लिहिलं: शनिवार, गृहभेट.